प्रश्न तुमचे : प्लग नाही, नळ नाही, ट्रेलर घेऊन पहिल्यांदाच रानात

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की आम्ही आमचा ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, आरव्ही पार्कात (अशा घरांसाठी वीज-पाण्याची सोय असलेल्या जागेत) न लावता सरळ सरकारी जंगलात नाहीतर वाळवंटात नेऊन लावतो, जिथे विजेचा खांब नाही, पाण्याचा नळ नाही, सांडपाणी सोडायला जागा नाही, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. इकडे अमेरिकेत याला बूनडॉकिंग म्हणतात, कुणी ड्राय कॅम्पिंग म्हणतं. पत्रं थोडी छाटलीत, प्रश्न जसेच्या तसे आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही फीनिक्सला असतो, आम्ही दोघं आणि दोन मुलं, १० आणि ६ वर्षांची. मार्चमध्ये २४ फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, तीनदा आरव्ही पार्कात राहून आलो, तिथे काय प्लग लावला, नळी जोडली, झालं. आता थँक्सगिव्हिंगला चार रात्री ग्रँड कॅन्यनजवळ टुसायानच्या बाहेर कायबाब नॅशनल फॉरेस्टमध्ये राहायचं म्हणतोय, तिथे फुकट राहता येतं असं कळलं. ट्रेलरला एक बॅटरी आहे, विकणाऱ्याने नवीन टाकून दिली, छतावर २०० वॉटचं सोलर आहे, प्रोपेनचे २० पौंडी दोन सिलिंडर आहेत. पुरेल ना एवढं? – एक वाचक, फीनिक्स

उत्तर : दादा, सरळच सांगते, नाही पुरणार. चार रात्री राहू द्या, पहिलीच रात्र सकाळपर्यंत निघेल का याची मला शंका आहे. आणि हे मी पुस्तकी नाही सांगत, आमच्यावर नेमकं हेच गुदरलंय. ११ वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी फ्लॅगस्टाफजवळ जंगलात गेलो होतो, बरोबर सासूबाई आणि ५ वर्षांची मुलगी. दोन्ही सिलिंडर भरलेले म्हणून आम्ही निर्धास्त, फर्नेस लावून झोपलो, आणि पहाटे साडेतीनला जाग आली ती थंडीने. फर्नेस बंद, दिवे मिणमिण करतायत. गॅस भरपूर होता, पण फर्नेसची गरम हवा आत ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी उतरली की गॅस कितीही असला तरी फर्नेस पेटतच नाही, हे आम्हाला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी लेकीला पोटाशी धरलं, वरून त्यांनीच शिवलेली गोधडी, तिच्यावर आमची जाकिटं, अशी ती रात्र काढली. उजाडल्यावर बघतो तर ट्रेलरचा इलेक्ट्रिक जॅकसुद्धा हलेना. शेवटी ट्रकवरून जंपर केबल लावली तेव्हा कुठे काम सुरू झालं. त्या दिवसापासून मी बॅटरीचा हिशोब घरखर्चाच्या वहीसारखा ठेवते.

तुम्हीही तो हिशोब एकदा मांडा. ट्रेलरबरोबर जी साधी लेड-अॅसिड बॅटरी देतात ती साधारण ८० अॅम्प-अवरची असते (अॅम्प-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आणि त्यातले निम्मेच वापरायचे असतात, त्याच्या खाली वारंवार नेली तर ती लवकर मरते. म्हणजे हातात ४०. फर्नेसचा पंखा चालू असताना ७-८ अॅम्प खातो. दहा तासांच्या थंडीच्या रात्री तो निम्मा वेळ जरी चालला तरी ४० संपले. यात दिवे नाहीत, पाण्याचा पंप नाही, गॅस डिटेक्टर नाही जो चोवीस तास थोडी थोडी वीज घेतच असतो. आणि फ्रीज कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते आधी बघा. जुन्या ट्रेलरमध्ये बहुतेक गॅसवर चालणारा असतो, त्याला बॅटरी नावापुरती लागते (ट्रेलर मात्र समतल पाहिजे, तिरका राहिला तर तो नीट गार करत नाही आणि खराबही होतो), पण हल्ली जे नुसत्या १२ व्होल्टवर चालणारे फ्रीज येतात ते एकटेच दिवसाला ६० अॅम्प-अवर किंवा जास्त खातात. तसला असेल तर तुमची बॅटरी फर्नेस न लावताही दिवसभर पुरायची नाही.

मग सोलर काय करेल? २०० वॉट म्हणजे तासाला २०० वॉट दिवसभर असं डोक्यात धरू नका. छतावर आडवं टाकलेलं पॅनल, नोव्हेंबरअखेरचा दिवस, सूर्य खाली, शिवाय कायबाबमध्ये पाईनची सावली. मोकळ्यावर स्वच्छ ऊन असेल तर ३५-४० अॅम्प-अवर मिळतील, सावलीत त्याचे किती उरतील कुणी सांगावं. त्याच पॅनलला जूनमध्ये जवळजवळ दुप्पट मिळतात, म्हणून उन्हाळ्यात जाऊन आलेल्या मित्राचं ऐकून हिवाळ्याचा बेत करू नका.

गॅसचं मात्र ठीक आहे. २० पौंडाच्या एका सिलिंडरमध्ये साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू (उष्णतेचं माप) असतात, तुमची फर्नेस तासाला २५ हजारांची धरली तर सलग १७ तास, म्हणजे निम्मा वेळ चालली तर तीनेक रात्री. दोन सिलिंडर आहेत, स्वयंपाक धरूनही चार रात्री निघतील. अडचण गॅसची नाहीच, पंख्याची आहे.

आता उपाय. कायमचा करायचा तर बॅटरी बदला. १०० अॅम्प-अवरच्या दोन लिथियम, म्हणजे ज्याला लाइफपो म्हणतात त्या, टाकल्यात तर जवळजवळ सगळे २०० वापरता येतात आणि वजनालाही हलक्या. पण दोन गोष्टी: ट्रेलरमधला कन्व्हर्टर (प्लगच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) लिथियम चार्ज करणारा आहे का ते तपासा, नसेल तर तोही बदलावा लागतो, आणि शून्य डिग्रीच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, चांगल्या बॅटरीतलं सर्किट ते चार्जिंग स्वतःच थांबवतं. म्हणजे बाहेर पुढच्या बारवर बसवलेली असेल तर थंडीच्या सकाळी ऊन पडलं तरी चार्ज सुरू होत नाही. आत बसवता आली तर बरं. कमी खर्चात करायचं तर गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून लावा, सव्वादोनशेच्या आसपास अॅम्प-अवर मिळतात, निम्मे वापरा, तरी आताच्या जवळजवळ तिप्पट झाले. ट्रक चालू ठेवून मागच्या ७ पिनच्या केबलने ट्रेलर चार्ज होईल असं बरेच जण समजतात, होतो, पण मुंगीच्या पावलांनी, त्या तारा बारीक असतात.

आणि एक शंट लावून घ्या, म्हणजे बॅटरीतून किती गेलं किती आलं हे मोजणारा मीटर. ट्रेलरच्या भिंतीवरचे ते चार दिवे बघून काही कळत नाही, सोलर चालू असताना ते नेहमी फुल्लच दाखवतात. शंट नसेल तर साधा व्होल्टमीटर तरी ठेवा: लेड-अॅसिड बॅटरी, काही चालू नसताना, १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ दाखवलं तर आता थांबा.

पण दादा, हे सगळं केलंत तरी पहिल्यांदा जाताना टुसायान नको. कळकळीने सांगतेय. ते समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर आहे, थँक्सगिव्हिंगला रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जातं, बर्फ पडला तर जंगलातला कच्चा रस्ता ट्रेलर ओढून बाहेर काढायच्या लायकीचा राहत नाही, आणि नळ्या गोठायची भीती वेगळी. पहिल्या वेळी एकच नवी गोष्ट शिकावी, प्लगशिवाय राहणं. त्यात थंडी, चिखल, उंची असं सगळं एकदम अंगावर घेऊ नका. तुम्ही फीनिक्सचे, तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर क्वार्ट्झसाइट आहे, खाली वाळवंटात, नोव्हेंबरात दिवसा छान ऊन, डोक्यावर एकही झाड नाही त्यामुळे सोलरला पूर्ण आकाश. तिथे गावाच्या आजूबाजूला बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या) जागेवर १४ दिवस फुकट राहता येतं, आणि ला पोसा नावाचा जो दीर्घ मुक्कामाचा भाग आहे तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिट काढून राहतात, दोन आठवड्यांचं किंवा पूर्ण सीझनचं. पैसे देऊन ला पोसाच घ्या असं मी म्हणेन, कारण तिथे पिण्याचं पाणी भरायची आणि टँक रिकामे करायची सोय आहे, आणि आजूबाजूला वर्षानुवर्षं असे राहणारे आजी-आजोबा असतात, काही अडलं तर विचारलं की लगेच पाना घेऊन येतात. कायबाब मे-जूनमध्ये करा, किंवा सप्टेंबरात, मुलांना रानात राहायला फार आवडेल.

जायच्या आधी एक शनिवार-रविवार घरासमोरच ट्रेलर उभा करा, प्लग काढा, आणि चौघं खरंच त्यात राहा. घरात जायचं नाही, फोनसुद्धा घरात चार्ज करायचा नाही. मायक्रोवेव्ह, एसी आणि भिंतीवरचे सॉकेट चालत नाहीत हे त्या दिवशी कळेल (इन्व्हर्टर नसेल तर ते बंदच असतात), मिक्सर चालत नाही म्हणून चटणी घरून वाटून न्यायची हे कळेल, आणि सकाळी बॅटरी किती उरली तो आकडा तुमच्या घरचा असेल, माझ्या किंवा दुकानदाराच्या घरचा नाही. बॅटरी उतरलेली असताना ट्रेलर रस्त्यावर कधीच ओढू नका हेही लिहून ठेवा, ट्रेलर चालत्या ट्रकपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी जी सोय असते ती याच बॅटरीवर आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही सॅन डिएगोहून अँझा-बोरेगोला तीन रात्री जाणार आहोत, चौघं. फ्रेश (चांगल्या पाण्याचा) टँक ४० गॅलन, ग्रे (भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याचा) ३०, ब्लॅक (टॉयलेटचा) ३०. सगळीकडे लिहिलेलं असतं पाणी जपून वापरा, पण ते अमेरिकन लोकांच्या सवयींवर लिहिलेलं असतं, आपल्याला टॉयलेटमध्ये पाणी लागतं, स्वयंपाकाची भांडी तेलकट असतात, रोज आंघोळ लागते. हे कसं जमवायचं स्पष्ट लिहाल का, लाजू नका! – एक वाचक, सॅन डिएगो

उत्तर : यात लाजायचं काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात असतो आणि कुणी तोंडातून काढत नाही, बरं झालं विचारलंत.

४० गॅलन म्हणजे जेमतेम १५० लिटर. आपल्यापैकी ज्यांचं बालपण टँकरच्या गावात किंवा सकाळी तासभर पाणी येणाऱ्या चाळीत गेलंय त्यांना १५० लिटरमध्ये चौघांचे तीन दिवस निघतात हे पटवून द्यावं लागत नाही, पण आपल्या इथे वाढलेल्या मुलांना ते माहीतच नसतं. साधा शॉवर मिनिटाला दोन-अडीच गॅलन पाणी सोडतो, म्हणजे दोन पोरं आठ-आठ मिनिटं शॉवरखाली उभी राहिली की तुमचा टँक रिकामा आणि ग्रे टँक वरपर्यंत भरलेला. म्हणून शॉवर विसरा, बादली आणि मग. ५-६ लिटर गरम पाण्यात माणूस स्वच्छ होतो. गरम पाणी यायच्या आधी नळीतलं जे गार पाणी येतं ते वाया घालवू नका, भांड्यात धरा आणि फ्लशला वापरा. मोठ्यांनी एक दिवसाआड पूर्ण आंघोळ आणि मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने अंग पुसणं, एवढं केलं तरी पुरे.

टॉयलेटचं म्हणाल तर आपली पद्धत ब्लॅक टँकला उलट चांगली आहे. या टँकांची खरी कटकट कागदाची असते, कागद आणि मैला कोरडा पडून तळाशी ढीग होतो आणि मग टँक डम्प, म्हणजे रिकामा, करताना तो निघत नाही. पाणी वापरणाऱ्यांकडे हा त्रास कमी होतो. फक्त स्प्रे लावू नका, त्यात किती गेलं कळत नाही, अर्ध्या लिटरचं टमरेल ठेवा, आणि निघायच्या आधीच ब्लॅक टँकमध्ये बादलीभर पाणी टाकून ठेवा म्हणजे तळ ओला राहतो. चौघांना तीन रात्री ३० गॅलन आरामात पुरेल. व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, डम्प स्टेशनला गेल्यावरच उघडायचा, आधी ब्लॅक सोडायचा आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.

तुमचा पहिला भरणार तो ग्रे टँक, हे धरून चाला. चौघांची भांडी हेच त्याचं कारण. भांडी धुवायच्या आधी कागदाने खरकटं आणि तेल पुसून काढा, तो कागद कचऱ्यात, मग एका टोपात साबणाचं गरम पाणी आणि दुसऱ्यात खळबळायला, बस. कुकरमध्ये डबे लावून वरण-भात-बटाटे एकदम करा, एक भांडं, एकदा गॅस, आणि उंचावर गेलात की कुकरचा आणखी फायदा, २००० मीटरवर पाणी ९३ डिग्रीलाच उकळतं त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पोळ्या, दशम्या, घावनाचं पीठ, मोड आलेली मटकी हे घरून. फोडणी शक्यतो बाहेर टेबलावर छोट्या शेगडीवर द्या, आत दिलीत तर स्मोक अलार्म ओरडतो आणि मोहरीचा वास पडद्यांना आठवडाभर राहतो. आत गॅस लावलाच तर वरचा पंखा चालू आणि एक खिडकी उघडी, नेहमी. तो गॅस ऊब मिळावी म्हणून पेटता ठेवायचा नाही, कितीही गारठा असो.

आणि ग्रे टँक भरला म्हणून ते पाणी वाळूवर सोडून देऊ नका. बाजूचा सोडताना दिसला तरी तुम्ही सोडू नका. बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि खरकट्याच्या वासाने प्राणी येतात, मग ती जागा पुढच्यासाठी बंद होते. अशा किती चांगल्या जागांना कुलूप लागलेलं मी पाहिलंय, जीव तुटतो. अँझा-बोरेगो हे स्टेट पार्क असून तिथे मोकळ्यावर फुकट राहू देतात, असं फार कमी स्टेट पार्कात चालतं. शेकोटी करायची असेल तर ती धातूच्या भांड्यातच करावी लागते आणि राख परत न्यायची असते, जमिनीवर दगड मांडून नाही.

राहिलं पिण्याचं पाणी, ते वेगळ्या जारमध्ये न्या. आणि टँक बरेच दिवस नुसता पडून असेल तर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच या हिशोबाने भरून चारेक तास ठेवा, सगळे नळ सोडून ते नळ्यांतही येऊ द्या, मग वास जाईपर्यंत धुवा. भरलेल्या ४० गॅलनचं वजन १५० किलो होतं हेही लक्षात ठेवा, दारावरच्या स्टिकरवर किती माल चालतो ते बघून मग ठरवा की घरून भरायचा की पोचता पोचता. रात्री झोपताना आणि बाहेर पडताना पंपाचं बटण बंद. कुठे एक नळ थेंब थेंब गळत असला तर चालू पंप सगळा टँक ग्रेमध्ये नेऊन ओततो.

प्रश्न : २२०० वॉटचा जनरेटर घेतला तर सोलरची भानगड नको ना? एसी पण चालेल? – एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : एक जनरेटर असणं चांगलंच, ढगाळ दिवसांत तोच वाचवतो, पण त्याच्यावर संसार नको. लेड-अॅसिड बॅटरीत शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास जातात, तेवढा वेळ जनरेटर घरघरत ठेवणं तुम्हालाही नको होईल आणि शेजाऱ्यालाही. सकाळी दोन तास जनरेटर आणि उरलेलं सोलरवर, ही जोडी छान जमते. एसीचं म्हणाल तर १३५०० बीटीयूचा एसी सुरू होताना एकदम मोठा झटका घेतो, तो झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्ट लावल्याशिवाय २२०० वॉटवर बहुधा उचलत नाही, आणि तुम्ही कोलोरॅडोत, उंचावर हवा विरळ, दर हजार फुटांना जनरेटरची ताकद साधारण तीन-साडेतीन टक्के कमी होते. ९००० फुटांवर २२०० चे पंधराशे-सोळाशे धरा. पण तिथे एसी लागतोय कशाला, रात्री खिडकी उघडली की झालं. जनरेटर खिडकीपासून, दारापासून लांब, धूर ट्रेलरपासून दूर जाईल असा ठेवा, छतरीखाली किंवा ट्रेलरखाली कधीच नाही. आतल्या कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) डिटेक्टरच्या मागची तारीख बघून घ्या, ५ ते ७ वर्षांत तो बाद होतो आणि सेकंडहँड ट्रेलरमध्ये बऱ्याचदा बादच झालेला असतो.

प्रश्न : ताई, माझे आई-बाबा साताऱ्याहून एप्रिलमध्ये येतायत. आई ७१, बाबा ७६. त्यांना घेऊन युटामध्ये व्हॅली ऑफ द गॉड्सला ट्रेलर लावायचा विचार आहे, दोन रात्री. आईचं पहाटे उठून आंघोळ, देवापुढे दिवा-उदबत्ती हे चुकत नाही. बाबांना झोपेत श्वास नीट चालावा म्हणून सीपॅप मशीन लागतं. करू का हे धाडस? – एक वाचक, सॉल्ट लेक सिटी

उत्तर : करा, जरूर करा. ते लाल खडक पहाटेच्या उन्हात बघताना तुमच्या आईचा चेहरा कसा होईल ते मला आत्ता दिसतंय. पण तुम्ही दोघंच आधी एकदा तिथे जाऊन या. आई-बाबांना घेऊन केलेली ट्रिप तुमची पहिली नसावी.

सीपॅप सगळ्यात महत्त्वाचं. मशीनच्या कंपनीचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर घ्या म्हणजे इन्व्हर्टर मध्ये लागत नाही, आणि खरी वीज खाणारे असतात ते आतला पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी, ते दोन्ही बंद ठेवले तर मशीन खूप थोडक्यात चालतं. मात्र ते बंद ठेवलेलं बाबांना सोसतं का हे डॉक्टरांना विचारून आधी घरी दोन-तीन रात्री करून बघा, वाळवंटातली हवा कोरडी असते. शिवाय एक वेगळी पोर्टेबल बॅटरी फक्त त्यांच्या मशीनसाठी ठेवा, तिच्यावर दुसरं काहीही लावायचं नाही, फोनसुद्धा नाही.

आईंच्या आंघोळीचं वर लिहिलंय तसंच, बादली. त्यांना सांगावं लागणारच नाही, ती पिढी तांब्याभर पाण्यात तोंड-हात-पाय धुते. फक्त पाणी तापायचा हीटर गॅसवर आधी पंधरा-वीस मिनिटं लावून ठेवा. आणि तो शॉवर अगदी अरुंद असतो, त्यात वाकणं त्यांना जमणार नाही, आत एक छोटं प्लास्टिकचं स्टूल आणि रबरी मॅट ठेवा. दिवा आत नको. ट्रेलर म्हणजे पातळ लाकूड, फोम आणि पडदे, त्यात गॅसची लाइन, पेटायला वेळ लागत नाही. निरांजन आणि उदबत्ती बाहेर टेबलावर लावू दे, वारा असेल तर काचेच्या बरणीत, आणि आत बॅटरीचा दिवा. आमच्या सासूबाई पहिल्यांदा थोड्या हिरमुसल्या होत्या, मग त्यांनीच पूर्वेकडे तोंड करून बाहेर पाट मांडला आणि पुढे घरीसुद्धा म्हणायच्या की तिथली पूजा चांगली व्हायची.

ट्रेलरच्या पायऱ्या उंच आणि हलत्या असतात, एक रुंद स्टूल खाली आणि दाराला मोठा दांडा लावून घ्या. तिथला रस्ता कच्चा आहे, पाऊस पडून गेला की चिखलाचा सापळा होतो, त्यामुळे हवामान बघून शेवटच्या दिवशी बेत बदलायची तयारी ठेवा. मोबाइलला रेंज नसते अशा बऱ्याच जागा आहेत, तर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठे आणि तिथे जायचा रस्ता कुठला हे कागदावर लिहून ट्रकमध्ये ठेवा.

प्रश्न : आमच्या टेक्सासमध्ये बीएलएमची जागाच नाही म्हणतात. मग आम्ही काय करायचं? आणि जागेवर पोचल्यावर आत ट्रेलर घालायचा आणि अडकला तर, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते, मी एकटीच चालवते. – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : जवळजवळ खरंय, टेक्सासची बहुतेक सगळी जमीन खासगी आहे, पश्चिमेतल्या राज्यांसारखं नाही. पण तुमच्या जवळच समुद्र आहे ना. कॉर्पस क्रिस्टीजवळ पाड्रे आयलंड नॅशनल सीशोअरमध्ये साउथ बीचवर वाळूतच ट्रेलर लावून राहता येतं, पार्कची एंट्री भरायची आणि परमिट घ्यायचं. पहिल्या ५ मैलांपर्यंत साधी गाडीही सहसा जाते, त्यापुढे फोर व्हील ड्राइव्ह लागतं. तुम्ही मात्र पहिल्या वेळी सुरुवातीच्या घट्ट वाळूवरच थांबा, पुढे जायचा मोह टाळा. जायच्या दिवशी भरतीची वेळ बघा आणि गेटवरच्या रेंजरला वाळू कशी आहे विचारा, भरपूर ओहोटीत लावलेला ट्रेलर भरतीला पाण्यात उभा असायला नको. घरी आल्यावर खालून सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, खारी हवा लोखंड खाते.

अडकायची भीती योग्यच आहे आणि तिच्यावर उपाय एकच, ट्रेलर घेऊन आंधळेपणाने आत शिरायचं नाही. कुठल्याही कच्च्या रस्त्यावर, जंगल असो वाळवंट असो, मोठ्या रस्त्याजवळ रुंद जागा बघून थांबा, चाकांना ठोकळे लावा, ट्रेलर सोडा किंवा सरळ चालत पुढे जाऊन बघा. तीन गोष्टी बघायच्या: जमीन घट्ट आहे का, फांद्या छताला लागतील का, आणि वळायला जागा आहे का. तिसरी सगळ्यात मोठी, कारण वळता आलं नाही तर पाऊण मैल रिव्हर्स घ्यावं लागतं आणि तो प्रसंग अंधार पडता पडता यायला नको. म्हणून दुपारी तीनच्या आत पोचा, चार वाजले तर त्या रात्री सरळ आरव्ही पार्क घ्या. नॅशनल फॉरेस्टमध्ये जाणार असाल तर त्यांचा मोटर व्हेइकल यूज मॅप आधी फोनमध्ये उतरवून घ्या, कुठल्या रस्त्याला गाडी चालते आणि कुठल्या रस्त्याच्या कडेला राहता येतं ते त्यात असतं. आधी कुणी राहिलेली, दाबली गेलेली जागाच घ्या, ओढा किंवा तळं असेल तर त्यापासून दोनशे फूट लांब.

लावताना आधी ट्रक जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू फळ्यांनी समतल करा, मग दोन्ही चाकांना ठोकळे, मग ट्रक सोडा, आणि शेवटी जॅकने पुढची-मागची. हा क्रम एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, एकटं असताना कुणी आठवण करायला नसतं. जागा घेतल्यावर ट्रक सोडायच्या आधी फोनला रेंज बघा. तुम्ही कुठे आहात, कुठल्या रस्त्यावर, किती दिवस, हे कुणाला तरी कळवून ठेवा आणि रोज एका ठरलेल्या वेळी मेसेज करा. ट्रकचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा, किल्ली उशाशी, आणि मन म्हणालं की इथे बरं वाटत नाही तर कारण शोधत बसू नका, उजेड असेपर्यंत निघा. मी स्वतः दोनदा निघून आलेय, एकदा तर चहाचं आधण उतरवून.